दिवाणखान्यातल्या टीव्हीवर हजारोंचं जग नांदेल का?

कल्याण सोडून गाडी कर्जतच्या दिशेने निघाली की विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर ही स्थानकं ओळीने लागतात. २०११ च्या जनगणनेत उल्हासनगरची लोकसंख्या पाच लाखांवर, अंबरनाथची अडीच लाखांवर आणि कुळगाव-बदलापूरची पावणेदोन लाखांच्या घरात होती. या पट्ट्यातल्या मुलांच्या दोन पिढ्या टीव्हीला जोडायच्या गेमवर वाढल्या. आधी कॅसेट घालून खेळायचे मारिओ आणि काँट्रा आले, मग डिस्कवर चालणारा प्लेस्टेशन टू आला. याच वर्षांत जपान, कोरिया आणि अमेरिकेत गेमचा एक वेगळाच प्रकार मोठा झाला. हजारो माणसं एकाच वेळी एका काल्पनिक जगात वावरतात, तिथे व्यापार करतात, टोळ्या बांधतात, लढतात आणि वर्षानुवर्षं त्या जगात परत येत राहतात. या प्रकाराला एमएमओ म्हणतात.

हा प्रकार संगणकावर जन्मला. तो घरच्या कन्सोलवर, म्हणजे टीव्हीला जोडलेल्या आणि हातातल्या पॅडने चालणाऱ्या यंत्रावर रुजू शकतो का, यावर गेमच्या धंद्यात वीस वर्षांहून अधिक काळ वाद झाला. जगापुरता हा वाद आता मिटला आहे. आपल्याकडे मात्र तो खऱ्या अर्थाने सुरूच झाला नाही. तसं का झालं, हे समजून घ्यायला उल्हासनगर ते बदलापूर हा पट्टा फार उपयोगी पडतो. यंत्राची ताकद हा या प्रश्नाचा लहान भाग आहे. मोठा भाग आहे ते यंत्र ज्या घरात ठेवायचं त्या घराचा: तिथली वीज, तिथली इंटरनेटची लाइन, टीव्हीवरचा हक्क, महिन्याचा खर्च आणि माणसांकडे उरणारा वेळ.

हजारोंचं जग चालतं कसं?

एमएमओची दोन लक्षणं आहेत. पहिलं, त्यात एकाच वेळी शेकडो किंवा हजारो खेळाडू असतात. दुसरं लक्षण जास्त महत्त्वाचं आहे: ते जग टिकाऊ असतं. तुम्ही यंत्र बंद करून झोपलात तरी ते चालू राहतं. रात्रीतून बाजारातले भाव बदलतात, शत्रूची टोळी एखादा किल्ला घेते, मित्र पुढच्या पायरीवर जातात. मोबाइलवरच्या बीजीएमआयसारख्या गेममध्ये शंभर खेळाडू एका बेटावर उतरतात, पण अर्ध्या तासात सामना संपतो आणि ते जगही संपतं. म्हणून तो प्रचंड लोकप्रिय ऑनलाइन गेम असला तरी एमएमओ नाही.

या प्रकाराचं मूळ १९७८ मध्ये सापडतं. इंग्लंडमधल्या एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल या विद्यार्थ्यांनी निव्वळ मजकुरावर चालणारं एक सामायिक जग उभं केलं. पुढे १९९७ मध्ये ‘अल्टिमा ऑनलाइन’, १९९८ मध्ये कोरियात ‘लिनीज’, १९९९ मध्ये ‘एव्हरक्वेस्ट’ आणि २००४ मध्ये ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ आला. २०१० मध्ये या शेवटच्या गेमचे वर्गणीदार १ कोटी २० लाखांवर पोचले. हे सगळे गेम संगणकावरचे होते. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ची कन्सोलवरची आवृत्ती तर आजवर आलेली नाही.

एमएमओमध्ये खरं जग तुमच्या घरातल्या यंत्रात नसतं, ते कंपनीच्या सर्व्हरवर असतं. तुम्ही बटण दाबलं की ‘मला तलवार मारायची आहे’ एवढी विनंती सर्व्हरकडे जाते. वार लागला की चुकला, समोरच्याचं किती नुकसान झालं, हे सर्व्हर ठरवतो आणि निकाल आजूबाजूच्या सगळ्या खेळाडूंच्या यंत्रांना कळवतो. इथे ‘आजूबाजूच्या’ हा शब्द महत्त्वाचा. पाच हजार जणांची प्रत्येक हालचाल पाच हजार जणांना कळवायची म्हटली तर कोणतीही लाइन पुरणार नाही. म्हणून सर्व्हर प्रत्येकाला फक्त त्याच्या जवळच्या माणसांची खबर देतो. संध्याकाळच्या बदलापूर लोकलमध्ये हजारो प्रवासी असतात, पण आपल्याला दिसतात ते आपल्या डब्यातले. तसंच हे आहे. या युक्तीमुळे एमएमओला लागणारा डेटा आश्चर्य वाटावं इतका कमी असतो. त्याला वेगवान लाइनपेक्षा न तुटणारी लाइन हवी असते. पुढचा सगळा विचार करताना हे ध्यानात ठेवायला हवं.

जपानने घेतलेली परीक्षा

कन्सोलवर हे जग आणण्याचा पहिला मोठा प्रयत्न सेगा कंपनीने केला. २१ डिसेंबर २००० रोजी ड्रीमकास्ट या कन्सोलसाठी ‘फँटसी स्टार ऑनलाइन’ जपानमध्ये बाजारात आला. ड्रीमकास्टमध्ये मोडेम आतच बसवलेला होता, त्यामुळे टेलिफोनची वायर जोडली की काम झालं. जपानमध्ये तेव्हा फोनचं बिल मिनिटांवर चढायचं, आणि एनटीटी या फोन कंपनीची रात्री ११ ते सकाळी ८ अशी ठोक दराची योजना होती. साहजिकच ऑनलाइन मंडळी रात्री अकरानंतर जमायची.

काटेकोरपणे पाहिलं तर हा गेम पुरता एमएमओ नव्हता. भेटायच्या चौकात पुष्कळ लोक असत, पण मोहिमेवर जास्तीत जास्त चौघंच निघत. तरी त्याने कन्सोलची सर्वात अवघड गाठ सोडवली. टीव्हीसमोर बसलेल्या माणसाकडे कीबोर्ड नसतो, मग तो अनोळखी सोबत्याशी बोलणार कसा? हा गेम बनवणाऱ्या यूजी नाका यांच्या चमूने तयार वाक्यांचा संच दिला. खेळाडूने यादीतून वाक्य निवडलं की समोरच्याला ते त्याच्या भाषेत दिसे. जपानी, इंग्रजी, फ्रेंच, जर्मन आणि स्पॅनिश अशा पाच भाषांत ही सोय होती. दुर्दैव असं की गेम आल्यावर जेमतेम सहा आठवड्यांत सेगाने ड्रीमकास्टचं उत्पादन थांबवण्याची घोषणा केली.

खरी कसोटी लागली ती १६ मे २००२ रोजी, ‘फायनल फँटसी इलेव्हन’ प्लेस्टेशन टूवर आला तेव्हा. हा पुरता एमएमओ होता. त्यासाठी कन्सोलला नेटवर्क अडॅप्टर आणि हार्डडिस्क जोडावी लागे, शिवाय दरमहा वर्गणी भरावी लागे. त्याच वर्षी तो विंडोजवर आला आणि २००६ मध्ये एक्सबॉक्स ३६० वर. टीव्हीसमोरचा खेळाडू आणि टेबलावरच्या संगणकासमोरचा खेळाडू एकाच जगात, एकाच टोळीत लढू लागले. प्लेस्टेशन टू आणि एक्सबॉक्स ३६० वरची त्याची सेवा ३१ मार्च २०१६ रोजी बंद झाली. म्हणजे २००२ मधल्या जपानी घरात सुरू झालेलं जग त्याच कन्सोलवर जवळजवळ चौदा वर्षं चाललं. संगणकावर तर ते त्यानंतरही चालू राहिलं.

कन्सोलच्या चार अडचणी

या उदाहरणावरून कन्सोलच्या अडचणी नीट मांडता येतात.

पहिली अडचण बटणांची. संगणकावरच्या एमएमओमध्ये तीस-चाळीस कौशल्यं कीबोर्डवर पसरलेली असतात. पॅडवर मोजकी बटणं. यावरचं सर्वात सुबक उत्तर ‘फायनल फँटसी फोर्टीन’ने दिलं. पॅडच्या मागच्या दोन ट्रिगरपैकी एक दाबून धरला की समोरच्या आठ बटणांना आठ कामं मिळतात, दुसरा दाबला की आणखी आठ. सोळा कौशल्यं अंगठ्याखाली आली. २०१५ मध्ये कन्सोलवर आलेल्या ‘एल्डर स्क्रोल्स ऑनलाइन’ने दुसरी वाट धरली. त्याने एका वेळी वापरायची कौशल्यंच मोजकी ठेवली, म्हणजे खेळाडूने मोहिमेला निघण्याआधी विचार करून निवड करायची.

दुसरी अडचण आयुष्याची. कन्सोल एकदा विकला की सहा-सात वर्षं त्याची ताकद तेवढीच राहते, आणि एमएमओ मात्र दर वर्षी वाढत जातो. नवे प्रदेश, नवे पोशाख, नवी शत्रुसेना यांची भर पडत राहते. प्लेस्टेशन टूची मुख्य मेमरी ३२ मेगाबाइट होती. एवढ्या जागेत बसेल असं जग आखायचं आणि पुढची दहा वर्षं त्याच चौकटीत वाढवायचं, हे गेम बनवणाऱ्यांसाठी फार कष्टाचं होतं. ‘फायनल फँटसी फोर्टीन’ने २०१७ मध्ये प्लेस्टेशन थ्री सोडला, तो याच ओझ्यामुळे.

तिसरी अडचण परवानगीची. संगणकावर कंपनी दुरुस्ती तयार झाली की लगेच पाठवू शकते. कन्सोलवर सोनी किंवा मायक्रोसॉफ्टच्या तपासणीतून जावं लागतं. वेगवेगळ्या कन्सोलवरच्या खेळाडूंना एकत्र खेळू द्यायचं की नाही, हेही त्यांच्याच हातात असतं. या धोरणात सोनी २०१८ पर्यंत ताठर होती. सप्टेंबर २०१८ मध्ये ‘फोर्टनाइट’पासून तिने ही दारं उघडायला सुरुवात केली.

चौथी अडचण पैशांची. कन्सोलची किंमत, गेमची किंमत, गेमची मासिक वर्गणी आणि काही ठिकाणी कन्सोल कंपनीची ऑनलाइन वर्गणी वेगळी. हे ओझं हलकं केलं तेव्हाच गर्दी आली. जानेवारी २०११ मध्ये प्लेस्टेशन थ्रीवर आलेला ‘डीसी युनिव्हर्स ऑनलाइन’ त्याच वर्षाच्या अखेरीस मोफत झाला. ‘एल्डर स्क्रोल्स ऑनलाइन’ने कन्सोलवर येण्याआधी, मार्च २०१५ मध्ये, सक्तीची वर्गणी काढून टाकली.

या चारही अडचणी सुटू शकतात याचा सर्वात मोठा पुरावा म्हणजे ‘फायनल फँटसी फोर्टीन’. सप्टेंबर २०१० मध्ये तो फक्त संगणकावर आला आणि सपशेल पडला. कंपनीने नाओकी योशिदा यांच्याकडे सूत्रं दिली, जुनं जग बंद केलं आणि ऑगस्ट २०१३ मध्ये नव्याने बांधलेला गेम संगणक आणि प्लेस्टेशन थ्रीवर एकदमच आणला. पॅडवर खेळणारा माणूस सुरुवातीपासून आराखड्यात होता. पुढे तो प्लेस्टेशन फोर, प्लेस्टेशन फाइव्ह आणि २०२४ मध्ये एक्सबॉक्सवरही गेला. म्हणून माझं उत्तर स्पष्ट आहे: कन्सोलवर एमएमओ यशस्वी होतो, जर तो सोफ्यावर बसलेल्या माणसासाठी मुळापासून बांधला असेल तर.

कल्याणच्या पुढचं घर

मग आपल्याकडे तो का आला नाही? त्यासाठी २००५ ते २०१२ या वर्षांतलं उल्हासनगर-बदलापूर भागातलं घर डोळ्यांसमोर आणायला हवं.

विजेपासून सुरुवात करू. त्या वर्षांत महाराष्ट्रात विजेचा मोठा तुटवडा होता. मुंबई शहराची वीज वेगळ्या कंपन्यांकडून येई आणि तिथे भारनियमन नव्हतं. उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूरला वीज देते ती महावितरण, आणि तिच्या क्षेत्रात भारनियमनाचं वेळापत्रकच असे. डिस्कवरचा गेम मध्येच बंद पडला तर फार तर शेवटच्या सेव्हपासून पुन्हा सुरू करता येतो. एमएमओमध्ये आठ जणांच्या मोहिमेत एकाची वीज गेली तर उरलेल्या सात जणांची मेहनत वाया जाते. जिथे संध्याकाळी दिवे राहतील की नाही याची खात्री नाही, तिथे सात अनोळखी माणसांना शब्द देणं शक्य नव्हतं.

मग लाइन. भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ रोजी व्हीएसएनएलने खुलं केलं. २००४ च्या ब्रॉडबँड धोरणाने २५६ केबीपीएस आणि त्यावरच्या वेगाला ब्रॉडबँड मानलं. मुंबई, ठाणे, नवी मुंबईत एमटीएनएल होतं. ०२५१ हा एसटीडी कोड असलेल्या कल्याणपासून बदलापूरपर्यंतच्या भागात बीएसएनएल. बीएसएनएलच्या एका लोकप्रिय योजनेत दिवसा डेटाची मर्यादा असे आणि रात्री २ ते सकाळी ८ वापर मोफत. जपानी मुलं रात्री अकरा वाजायची वाट बघत. आपल्याकडचे हौशी लोक दोनचा गजर लावत. बाकी पुष्कळ घरांत केबलवाल्याचं नेट. त्यात अनेक घरं मिळून बाहेर एकच पत्ता दिसतो. कन्सोल अशा वेळी ‘नॅट टाइप थ्री’ किंवा ‘स्ट्रिक्ट’ असा शेरा दाखवतो आणि दोन खेळाडूंची यंत्रं थेट जोडणारे गेम अडखळतात. गंमत अशी की एमएमओला ही अडचण फारशी बाधत नाही. त्यात प्रत्येक यंत्र फक्त सर्व्हरशी बोलतं, शेजाऱ्याच्या कन्सोलशी नाही. म्हणजे केबलवाल्याच्या नेटवर फुटबॉलच्या गेमपेक्षा एमएमओ जास्त नीट चालला असता. पण हे अनुभवून बघण्याइतकी मंडळी त्या वळणापर्यंत पोचलीच नाहीत.

त्याचं मोठं कारण डिस्कचा बाजार. प्लेस्टेशन टू जगभरात १५ कोटींहून अधिक विकला गेला आणि भारतात तो ज्या वेगाने पसरला त्यामागे चिप बसवलेली यंत्रं आणि नकली डिस्क यांचा हात मोठा होता. मुंबईच्या बाजारांतून शे-दीडशे रुपयांत मिळणारी डिस्क कल्याणच्या पुढे सगळीकडे पोचे. या व्यवहारात गेम म्हणजे एक वस्तू होती: आणली, खेळून संपवली, मित्राला दिली. एमएमओची अख्खी रचना याच्या उलट आहे. त्याची डिस्क कितीही वेळा उतरवून घ्या, सर्व्हरवरच्या खात्याशिवाय ती निरुपयोगी. ज्या बाजाराने या गावांत कन्सोल आणला, त्याच बाजाराला एमएमओ विकता येण्यासारखा नव्हता. दुकानदाराला त्यात नफा नव्हता, म्हणून गिऱ्हाइकाला त्याचं नावही कळलं नाही.

अधिकृत कंपन्यांनी प्रयत्न केलेच नाहीत असं नाही. मायक्रोसॉफ्टने २००६ मध्ये एक्सबॉक्स ३६० भारतात आणला. एप्रिल २००७ मध्ये प्लेस्टेशन थ्री ३९,९९० रुपयांना आला. अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीत काम करणाऱ्या कामगारासाठी ही काही महिन्यांची कमाई होती. सोनीने प्लेस्टेशन टूसाठी भारतीय विषयांचे गेमही काढले. २००९ मध्ये ‘हनुमान: बॉय वॉरियर’ आला, त्याच वर्षी कबड्डी आणि विटीदांडू असलेला ‘देसी अड्डा’ आला, आणि २०१० मध्ये मुंबईच्या ट्राइन गेम्सचा ‘स्ट्रीट क्रिकेट चॅम्पियन्स’. हे सगळे घरातल्या घरात खेळायचे गेम होते. शेजारच्या गावातल्या मुलाशी जोडणारं जग त्यांत नव्हतं.

आणि टीव्ही. एका खोलीत किंवा वन बीएचकेमध्ये एकच टीव्ही असतो, आणि रात्री आठ ते दहा त्यावर मालिकांचा हक्क असतो. २००८ पासून उन्हाळ्यात आयपीएल आलं. एमएमओची गर्दी जगभर नेमकी याच वेळी असते, माणसं कामावरून परतल्यावर. बदलापूर ते सीएसएमटी हे अंतर ६८ किलोमीटर आहे. नोकरदाराचे दिवसाचे तीन-साडेतीन तास गाडीत जातात. त्याच्या हातात सलग वेळ असतो तो लोकलमध्ये, आणि तिथे टीव्ही नाही.

कॅफे आणि मोबाइल

कोरियात घराघरांत वेगवान नेट पोचत असतानाच पीसी बांग नावाची गेमिंग केंद्रं गल्लोगल्ली उघडली आणि ‘लिनीज’ तिथे वाढला. आपल्याकडे ती जागा सायबर कॅफेने घेतली असती. २००० च्या दशकाच्या मध्यात ‘रॅग्नारोक ऑनलाइन’ हा कोरियन एमएमओ भारतात अधिकृतपणे आणला गेला, सिफी या इंटरनेट कंपनीने ‘ए थ्री’ आणला. दोन्ही संगणकावरचे. सिफीची तर आयवे नावाची कॅफेंची साखळीच होती. तरीही मुलं कॅफेत जाऊन खेळली ती ‘काउंटर स्ट्राइक’ आणि ‘डोटा’, लॅनवर, समोरासमोर, तासाचे पैसे मोजून. टिकाऊ जगात रोज परत यायला रोज पैसे लागतात. पाच मित्र मिळून तासभर सामना खेळणं खिशाला परवडत होतं. पुढे कॅफेंवर ओळखपत्र आणि नोंदवहीचे नियम आले, २०११ च्या केंद्रीय नियमावलीने ते आणखी पक्के केले, आणि स्वस्त मोबाइल डेटाने कॅफेंचा व्यवसाय जवळजवळ संपवला.

५ सप्टेंबर २०१६ रोजी जिओ सुरू झालं. मार्च २०१८ मध्ये पबजी मोबाइल आला. टीव्हीवरच्या हक्काचा प्रश्न राहिला नाही, कारण पडदा ज्याचा त्याचा होता. वीज गेली तरी बॅटरी होती. गेम फुकट होता. सामना साधारण अर्ध्या तासाचा, म्हणजे बदलापूरला सुरू केला तर डोंबिवलीच्या आसपास संपणारा. बोलायला कीबोर्ड लागत नव्हता, माइक होता, आणि त्यात मराठी, हिंदी, सिंधी सगळं चालत होतं. घरातल्या ज्या अडचणी आपण मोजल्या त्यातली जवळजवळ एकही इथे उरली नाही. २ सप्टेंबर २०२० रोजी केंद्र सरकारने ११८ ॲपवर बंदी घातली, त्यात पबजी होता. जुलै २०२१ मध्ये तो बीजीएमआय या नावाने परतला, जुलै २०२२ मध्ये पुन्हा हटवला गेला आणि मे २०२३ मध्ये पुन्हा आला. एवढ्या घडामोडींनंतरही खेळाडू टिकून राहिले. यावरून एक गोष्ट सिद्ध झाली: या गावांतल्या मुलांना अनोळखी माणसांबरोबर एकत्र खेळायची हौस आधीपासूनच होती. तिला परवडणारी वाट तेवढी मिळत नव्हती.

आता काय बदललं आहे?

आज अंबरनाथ-बदलापूरच्या नव्या गृहसंकुलांत फायबरची लाइन आहे. भारनियमनाचं वेळापत्रक इतिहासजमा झालं आहे. प्लेस्टेशन फाइव्ह २ फेब्रुवारी २०२१ रोजी भारतात ४९,९९० रुपयांना आला. तो महागच आहे, पण मोटरसायकलसाठी जसे हप्ते भरले जातात तसे यासाठीही भरले जातात. मोठ्या मुलाच्या खोलीत दुसरा टीव्हीही अनेक घरांत आला आहे. घराची बाजू सुधारली. आता कमी पडते ती जगाची बाजू.

पहिली उणीव अंतराची. काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर धावतो. म्हणजे दर हजार किलोमीटरला जाऊन-येऊन १० मिलिसेकंद लागणारच, त्याखाली कोणालाही जाता येत नाही. मुंबईहून सिंगापूर सुमारे ३,९०० किलोमीटर, फ्रँकफर्ट आणि टोकियो साडेसहा हजारांच्या आसपास. समुद्रातल्या केबली सरळ रेषेत जात नाहीत, म्हणून प्रत्यक्ष वेळ याहून बराच वाढतो. ‘फायनल फँटसी फोर्टीन’ची केंद्रं जपान, उत्तर अमेरिका, युरोप आणि ओशनियात आहेत; ‘एल्डर स्क्रोल्स ऑनलाइन’ची उत्तर अमेरिका आणि युरोपात. बदलापूरचा खेळाडू दोन्हीकडे लांबचा पाहुणा ठरतो. गोळीबाराच्या गेममध्ये एवढा उशीर मारक असतो. पण अनेक एमएमओंची चाल संथ असते. ‘फायनल फँटसी फोर्टीन’मध्ये बहुतेक मुख्य वारांमध्ये अडीच सेकंदांचं अंतर ठेवलेलं आहे, त्यात दीडशे मिलिसेकंद सोसता येतात. तेव्हा सर्व्हर दूर असल्यामुळे गेम खेळता येत नाही, असं नाही. खरं नुकसान वेगळं आहे. युरोपच्या सर्व्हरवर गर्दी असते तेव्हा आपल्याकडे मध्यरात्र उलटलेली असते, आणि आपल्या संध्याकाळी तिथे आपली माणसं नसतात. मुंबई परिसरात मोठ्या क्लाउड कंपन्यांची डेटा केंद्रं कधीच उभी राहिली आहेत. यंत्रं जवळ आहेत, त्यांवर आपलं जग कोणी अजून वसवलेलं नाही.

दुसरी उणीव पैशांच्या पद्धतीची. महिन्याला १३ ते १५ डॉलरची वर्गणी ही अमेरिकी पगाराकडे बघून ठरवलेली रक्कम आहे. आपल्याकडे डेटा अठ्ठावीस दिवसांच्या किंवा एका दिवसाच्या रिचार्जवर विकला जातो. जो गेम आठवड्याचा पास छोट्या रकमेत देईल आणि यूपीआयवर घेईल, त्याला इथे घर मिळेल.

तिसरी उणीव भाषेची, आणि इथे उल्हासनगर फार शिकवून जातं. फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत सिंधी निर्वासित आले आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल सी. राजगोपालाचारी यांच्या हस्ते या शहराची पायाभरणी झाली. अंबरनाथमध्ये आयुध निर्माणी आणि कारखान्यांनी देशभरातून माणसं आणली. बदलापुरात मुंबईत घर न परवडणारी मराठी कुटुंबं आली. या पट्ट्यात अनोळखी, वेगळी भाषा बोलणारी माणसं रोज एकत्र काम करतात. एमएमओ म्हणजे दुसरं काय असतं? सेगाने २००० मध्ये पाच भाषांची तयार वाक्यं दिली. तीच सोय मराठी, हिंदी, सिंधी, गुजराती, तमिळमध्ये देणं आजच्या तंत्रज्ञानाला मुळीच जड नाही.

आणि बनवणारे? तेही दूर नाहीत. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० मध्ये ‘राजी’ हा गेम निन्टेन्डो स्विच, प्लेस्टेशन आणि एक्सबॉक्सवर नेऊन दाखवला. पुण्याच्याच सुपरगेमिंगने २०२४ मध्ये ‘इंडस’ हा भारतीय रूपाचा, बीजीएमआयच्या धाटणीचा बॅटल रोयाल गेम मोबाइलवर आणला. एकाने कन्सोल हाताळला आहे, दुसऱ्याने मोठ्या संख्येने खेळाडू सांभाळणारे सर्व्हर. ही दोन कौशल्यं एकत्र आली तर महाराष्ट्रात कन्सोलवरचा एमएमओ बनू शकतो.

तो बनवणाऱ्यांकडे माझं मागणं साधं आहे. सर्व्हर मुंबईत ठेवा. एक मोहीम वीस-पंचवीस मिनिटांत संपेल अशी आखा, कारण रात्री नऊला घरी पोचलेल्या माणसाकडे तेवढाच वेळ असतो. टीव्हीवर सुरू केलेलं जग फोनवरही उघडू द्या, म्हणजे मालिका चालू असताना भांडण होणार नाही आणि लोकलमध्येही बाजारहाट करता येईल. अक्षरं सोफ्यावरून वाचता येतील एवढी मोठी ठेवा आणि ती मराठीत असू द्या. पालकांनाही एक सांगायचं आहे. मुलगा कोणाबरोबर खेळतो, कोणत्या वेळी खेळतो आणि किती पैसे घालतो, हे तीन प्रश्न जरूर विचारा. पण त्याआधी एकदा त्याच्या शेजारी बसून ते जग बघा. घरातला मुख्य टीव्ही मधल्या खोलीत असतो, आणि फोनच्या तुलनेत कन्सोलची हीच मोठी जमेची बाजू आहे: त्यावरचा खेळ सगळ्या घराला दिसतो.